सतरा नंबरचा नमुना

वर्धा, २० नोव्हेंबर २००१

भाऊ,

वर साष्टांग नमस्कार लिहिलेला नाही तो विसरले म्हणून नाही, हात वळला नाही म्हणून. दुकानात फोन केला की माझा आवाज ऐकून तू रिसीव्हर आपटतोस, तेव्हा आता हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी भर गिऱ्हाइकांत तुझा बिस्किटांचा डबा उचलून मी नालीत ओतला, ते अर्ध्या तळेगावानं पाहिलं. तुझी अब्रू गेली म्हणालास. गेली असेल. पण त्या डब्यात काय होतं ते आज लिहून देते, म्हणजे बहिणीनं उगाच तमाशा केला असं तुला म्हणता येणार नाही. तुझ्या त्या गुडघ्याच्या पुडीत जडीबुटी नाही. साखर आहे, सुंठ असेल, आणि कुटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आहेत. महिन्याकाठी मोटारसायकलवर येणारा तुझा पुडीवाला हिमालयाच्या मुळ्या सांगतो ना? त्यालाच खाऊ दे त्या मुळ्या.

मला कसं कळलं विचारशील. आईच्या रक्तावरून कळलं. मी इथं काय करते ते तू कधी विचारलं नाहीस, 'काचा पाहते' एवढंच सगळ्यांना सांगतोस. तर ऐक.

आईला आमवात आहे. म्हणजे तिच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिच्याच सांध्यांवर चालून जातात. त्या आपल्या मनानं जात नाहीत. सुजलेला सांधा केमोकाइन नावाची रसायनं सोडतो, ती त्याची हाक समज. पेशीच्या अंगावर ती हाक ओळखणारे रिसेप्टर असतात, ते तिचे कान. ज्या पेशीला तो कान आहे ती हाकेच्या रोखानं जाते, जिला नाही ती आपल्या वाटेनं. सूज म्हणजे अशा बोलावून आणलेल्यांची गर्दी, आणि एकदा गर्दी झाली की तीच आणखी हाका मारते. मी तीन वर्षं हे कान मोजते. रुग्णाचं रक्त घ्यायचं, गुडघ्यातलं पाणी घ्यायचं, मुंबईहून बर्फात येणारं, रंग बांधलेलं रसायन त्यावर टाकायचं, आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून दोनशे पेशी मोजायच्या. रिसेप्टर असला की पेशीभोवती हिरवी कड दिसते.

ऑगस्टमध्ये तू आईला तपासायला आणून सोडलंस तेव्हा तिचंही रक्त घेतलं होतं. आमच्याकडे रुग्णाचं नाव लिहीत नाहीत. माझ्या वहीत आई सतरा नंबर आहे. सतराच्या मोनोसाइट पेशींची कड इतकी जाड होती की बाकी सोळा जणांत तशी एकाची नव्हती. आणि इओसिनोफिल म्हणून एक पेशी असते, शंभरात दोन-चार तरी निघतातच. आईच्या स्लाइडवर एकही नाही. गुडघा जवळजवळ शांत, आणि पेशींचे कान मात्र टवकारलेले. असं स्टेरॉइड घेणाऱ्या माणसात होतं. ते सूज दाबतं, इओसिनोफिल रक्तातून नाहीसे करतं आणि मोनोसाइटवरचा तो एक रिसेप्टर उलट वाढवतं. दिवाळीत तुझा डबा पाहिला आणि उलगडा झाला.

बापूजी शिंपी पुडी न्यायला समोरच उभे होते. "ज्योत्स्ना, तू त रक्ताचं शिकून राह्यली. हे चांगलं आहे नं व? यानं माही बोटं वळते, सुई धरता येते." त्यांनी विचारलं म्हणून मी डबा उचलला. नाहीतर बोलणार नव्हते.

तू गल्ल्यावर हात ठेवून म्हणालास, आजपासून या दुकानातून अन् या घरातून एक चिमूट जाणार नाई. आपल्या आबांनी गल्ल्यावर हात ठेवला की तो शब्द फिरत नसे. तूही फिरवू नकोस. आईच्या तोंडात परत ती पुडी गेली असं कळलं, तर मी सरळ पोलिसांत जाईन, भाऊबीज पाहणार नाही.

ज्योत्स्ना


वर्धा, १७ डिसेंबर २००१

भाऊ,

हे पाकीट पोस्टात टाकलं नाही. प्रेमदास कंडक्टरच्या हाती देते आहे, त्याची गाडी दोनला तळेगावात पोचते. त्याला सांगितलंय, तुझ्याच हातात द्यायचं.

आधी काम सांगते, मग बाकीचं. या पाकिटात गोळ्यांची एक पट्टी आहे. सोबत चिठ्ठी आहे, ती आमच्या वॉर्डातल्या डॉक्टर सुरभीनं लिहिली आहे. त्यात लिहिलंय तशी गोळी आईला आजच सुरू कर. उद्यापासून नको, आजच. आणि दोन दिवसांत तिला इथं घेऊन ये. खाट मी ठेवायला लावते.

या गोळ्या कसल्या विचारशील, तर स्टेरॉइडच्या. हो, तेच. जे मी नालीत ओतलं तेच, फक्त मोजून.

वहिनीचं कार्ड आलं. आई दिवसभर पडून असते, उठलं की गरगरतं, अन्न पाहिलं की उलटी येते, नुसती झोपते. 'सांधे दुखून राह्यले म्हणून असन,' असं वहिनीनं लिहिलंय. मलाही तसंच वाटलं होतं. मी ते कार्ड सुरभीला सहज दाखवलं. तिनं विचारलं, पुडी किती वर्षं घेत होत्या? मी म्हटलं, चार. कशी बंद केली? मी म्हटलं, एकदम. ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, अगं, एवढं शिकलीस आणि हे तुला कुणी सांगितलं नाही?

नाही सांगितलं. मी काचा पाहते, माणसं पाहत नाही. मला पेशीच्या अंगावरचा एकेक रिसेप्टर ठाऊक, पण वॉर्डातल्या नर्सला जे ठाऊक असतं ते मला नव्हतं. शरीर आपल्यापुरतं स्टेरॉइड स्वतः बनवतं, मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात त्यांत. बाहेरून वर्षानुवर्षं मिळत राहिलं की त्या ग्रंथी काम सोडून देतात. आणि मग बाहेरचं एकदम तोडलं की माणसाकडे काहीच उरत नाही. ताप आला, पडझड झाली, साधे जुलाब लागले, तरी जीव जाऊ शकतो. पुडी विषच होती, त्यात बदल नाही. पण ते विष बोटभर-बोटभर करत उतरवायचं असतं, आणि मी ते नालीत ओतून मोकळी झाले.

तेव्हा मी ओरडले ते चुकलं. लिहिलं बघ. आता तुझा शब्द बाजूला ठेव. गल्ल्यावरची शपथ पुडीची होती, या गोळ्यांची नाही, असं समज हवं तर. देवाला काय सांगायचं ते मी सांगीन.

मागच्या पत्रातलं पोलिसांचं विसर. मी कुठंही जाणार नाही.

आईला म्हणावं, जोत्सी विचारत होती.

ज्योत्स्ना


वर्धा, १ जानेवारी २००२

भाऊ,

प्रेमदासनं आज सांगितलं की आई रविवारी मोरीत चक्कर येऊन पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि तू तिला अमरावतीला नेलंस. कोणत्या दवाखान्यात? एवढंच कळव. एका ओळीत कळव. प्रेमदासला तोंडी सांगितलंस तरी चालेल.

त्यानं आणखी एक सांगितलं. "ताई, तुमच्या भावानं पाकीट घेतलं, पन फोडलं नाई. माह्या समोर लक्ष्मीच्या फोटोमांगं ठेवून देलं." पंधरा दिवस ते तिथंच आहे का? भाऊ, ते उघड. त्यात औषध आहे.

तिला चाकू लागण्याआधी डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे.

ज्यो.


तळेगाव बसस्टँड, ५ जानेवारी २००२, शनिवार दुपार

भाऊ,

तुझ्या दुकानापासून दोनशे पावलांवर बसून लिहिते आहे. स्टँडवरच्या हॉटेलात तिसरा चहा झाला. शटर खाली आहे तुझं. शेजारी बापूजींच्या दुकानालाही कुलूप, संक्रांत आठवड्यावर आली असताना. घरी वहिनी होती. तिनं दार अर्धंच उघडलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही म्हणते, तू शपथ घातली आहेस म्हणून. शपथा काय स्वस्त झाल्यात आपल्याकडे. मी कालपासून अमरावतीचे सात दवाखाने फोनवर विचारले. शकुंतलाबाई नावाची बाई तिथं नाही म्हणाले, की सांगायचं नाही म्हणाले, कोण जाणे.

एवढंच वहिनीच्या तोंडून निसटलं की ऑपरेशन सोमवारी सकाळी आहे. आणि डॉक्टरांनी विचारलं होतं, कोणतं औषध चालू आहे का, आधी काही घेत होत्या का. तू म्हणालास, काहीच नाही.

का म्हणालास ते मला कळतं. घेत होती म्हटलं की कुठून आणलं विचारतील. कुठून म्हटलं की दुकान. दुकान म्हटलं की चौकशी, परवाना, पेपरात नाव. आणि मीच तुला पोलिसांची धमकी दिलेली. मग मी दवाखान्यात येऊन परत तमाशा करीन, म्हणून नावही लपवलंस. सगळं बरोबर जुळतं. मी वहिनीला उंबऱ्यावर सगळं समजावून सांगितलं. ती रडायला लागली, पण म्हणाली, "मले हे त्याईच्या समोर बोलता येनार नाई ताई. तुम्ही लिवून द्या. मी उद्या डब्यासंगं नेतो." म्हणून हे लिहिते. उद्या रविवार. तुझ्याकडे एक रात्र आहे.

ऐक आता. हाड मोडणं, भूल देणं, चाकू लावणं, हा शरीराला मोठा धक्का असतो. तो सोसायला शरीर आपलं स्टेरॉइड दसपट बनवतं. आईचं शरीर बनवू शकत नाही. टेबलावर तिचा रक्तदाब कोसळेल आणि डॉक्टरांना कळणार नाही का कोसळला. त्यांना आधी ठाऊक असलं तर एक इंजेक्शन द्यायचं असतं, साधं, कुठल्याही दवाखान्यात मिळतं. एवढंच. आई आणि मरण यांच्यात एक इंजेक्शन आहे, आणि ते इंजेक्शन आणि डॉक्टर यांच्यात तू आहेस.

मी तुला भित्रा म्हणणार होते. येताना गाडीत तेच वाक्य घोळवत होते. पण ते लिहायला माझं तोंड नाही, आणि का नाही तेही आता सांगते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, दिवाळीत डबा पाहिला आणि उलगडा झाला. ते खोटं आहे. मला ऑगस्टमध्येच ठाऊक होतं. स्लाइडवर एकही इओसिनोफिल दिसेना, तेव्हा मी संध्याकाळी आईला विचारलं. ती म्हणाली, "धीरज आनते पुडी. मले बरं वाटते त्यानं, पोळी लाटता येते. तू त्याले काही बोलू नोको." दुसऱ्या दिवशी मी तिच्या फॉर्मवर माझ्या हातानं लिहिलं: कोणतेही औषध नाही.

का लिहिलं ते ऐक. आमच्या अभ्यासात स्टेरॉइड घेणारा रुग्ण चालत नाही. त्याचं रक्त खोटं बोलतं. आणि माझ्या पीएच.डी.च्या गाइड मॅडमनी ती जाड हिरवी कड पाहून माझ्या पाठीवर हात ठेवला होता. म्हणाल्या, औषध न घेतलेल्या रुग्णात इतका रिसेप्टर आणि गुडघा शांत, हे कुणी पाहिलेलं नाही. तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा पाठीवर हात ठेवला. फेब्रुवारीच्या परिषदेला त्यांनी निबंध पाठवला, त्यात माझं नाव पहिलं. मला तीन महिन्यांनी आईचं दुसरं रक्त हवं होतं. आई पुडी घेत राहिली असती तर ते पहिल्यासारखंच आलं असतं. म्हणून मी तुला बोलले नाही. तीन महिने आईला विष घेऊ दिलं, कारण विषानं माझी स्लाइड सुंदर दिसत होती.

मग दिवाळीत बापूजींनी माझ्या तोंडावर विचारलं, हे चांगलं आहे नं? चार माणसं ऐकत होती. हो म्हणवेना, नाही म्हटलं तर ऑगस्टपासून गप्प का, हे मनाशी कबूल करावं लागणार. म्हणून ओरडले. चोर तोच मोठ्यानं ओरडतो, आबा म्हणायचे तसं.

हे सगळं मी काल सकाळी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे पाच महिने आपण स्टेरॉइडच मोजत होतो." निबंध परत मागवला. वहीतला सतरा नंबर माझ्याकडूनच खोडून घेतला, बाजूला कारण लिहायला लावलं, सही घेतली. पीएच.डी. पुढं राहते की नाही ते समितीच्या हाती आहे. मी खोलीवर जाऊन खूप रडले, खोटं कशाला सांगू. पण काल रात्री मला झोप लागली, तेही खरं.

मी माझं सांगितलं, भाऊ. आता तू तुझं सांग.

बोलवत नसेल तर बोलू नकोस. या पत्राच्या आत एक वेगळी घडी घातलेली चिठ्ठी आहे. त्यात चारच ओळी आहेत, इंग्रजीत: रुग्णानं बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलं, नोव्हेंबरमध्ये एकदम बंद झालं, ऑपरेशनआधी काय करावं ते आपण जाणता. तुझं नाव नाही, दुकानाचं नाव नाही. ती फक्त डॉक्टरांच्या हातात दे आणि बाहेर जा. हे पत्र तुझ्यापाशी ठेव नाहीतर जाळ. ही चिठ्ठी मात्र दे.

तू मला सायकल शिकवताना मागून धरलंय म्हणायचास आणि सोडून द्यायचास. मी पडले की म्हणायचास, आईला सांगू नको. आणि मी कधी सांगितलं नाही. आपल्या दोघांना ती सवय तेव्हापासूनच लागली बहुतेक.

गाडी लागली. प्रेमदास हॉर्न देतो आहे. हे वहिनीकडे देऊन निघते.

ज्योत्स्ना


वर्धा, १२ जानेवारी २००२

भाऊ,

गुरुवारी मी दवाखान्यात येऊन गेले. वहिनीनंच फोन करून नाव सांगितलं. तू जिन्यात होतास, मला पाहून वर निघून गेलास. मी हाक मारली नाही. मारली असती तर थांबला असतास का, ते मला त्या दिवशी पाहायचं नव्हतं.

आई उशांना टेकून बसली होती आणि उपमा नको म्हणून वहिनीशी भांडत होती, म्हणजे बरी आहे. मला पाहून पहिलं काय म्हणाली माहीत आहे? "पुडी गोड होती व. ह्या गोळ्या कडू जहर." मी तिच्या पायाशी बसून हसले आणि मग मला हुंदका आवरेना. ती म्हणाली, "तुम्ही दोघंई आले, पन एका टायमाले काऊन येत नाई?"

डॉक्टरांना भेटले. मधेच एकदा रक्तदाब खाली गेला होता म्हणाले, पण तयारी होती म्हणून लगेच सावरला. मग माझं नाव ऐकून म्हणाले, तुम्हीच का त्या, आणि आईची फाइल माझ्यासमोर ठेवली. माझी चार ओळींची चिठ्ठी वर होती. आणि तिच्याखाली टाचणीला माझं अख्खं पत्र. सायकलीपासून फॉर्मपर्यंत सगळं.

आधी वाटलं, सूड घेतला यानं. मग त्यांनी पत्र उलटं करून दाखवलं. म्हणाले, तुमच्या चिठ्ठीत किती आणि कधीपासून ते नव्हतं, मी विचारलं, तर तुमचे भाऊ म्हणाले, तोंडानं सांगता येत नाही, आणि तिथंच बाकावर बसून त्यांनी हे लिहिलं.

तुझं अक्षर मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. दुकानातल्या याद्यांसारखं, सरळ, एकाखाली एक:

'शकुंतलाबाई, वय ६३. पुडी १९९७ च्या दिवाळीपासून. रोज सकाळी एक चिमूट दुधात. थंडीत दोन वेळा. पुडी माझ्या दुकानातली. बंद १४ नोव्हेंबरला, एकदम. बंद करणारा मी.'

शेवटचे तीन शब्द खोटे आहेत, भाऊ. डबा कुणी ओतला ते गाव जाणतं. डॉक्टरांनी ते विचारलंही नव्हतं. तू आपणहून लिहिलंस, कारण ते माझ्याच पत्राच्या पाठीवर लिहायचं होतं आणि पुढच्या बाजूला मी काय काय कबूल केलंय ते तू वाचलं होतंस. मी तिथं पेन मागितलं आणि 'मी' खोडून 'बहीण' लिहायला गेले. डॉक्टर म्हणाले, फाइलमध्ये खाडाखोड चालत नाही. म्हणून ते तसंच आहे.

त्याखाली नऊ नावं होती. डॉक्टरांना त्यातलं काही समजलं नव्हतं, ते म्हणाले, बहुतेक नातेवाईक असतील. मी पहिल्या नावापाशीच समजले. अन्नपूर्णा मावशी, चौकातली. आनंदाबाई, गिरणीवाली. जयवंता. अण्णाजी, मारुतीजवळचे. तुझ्याकडून पुडी नेणारी सगळी माणसं. तू शपथ पाळलीस आणि त्या दिवसापासून त्यांचीही बंद झाली. माझ्या सांगण्यावरून.

तेव्हा मला ती पट्टी आठवली. सतरा डिसेंबरला मी एक पट्टी पाठवली. एकच. लक्ष्मीपूजनाला दुकानात गिऱ्हाईक मावत नव्हतं, त्यांत पुडी नेणारेही उभे होते, आणि मला त्यात एकच रोगी दिसला, जो माझ्या वहीत होता.

सहावं नाव बापूजींचं. त्यावर तू रेघ मारली आहेस आणि बाजूला तारीख घातली आहेस, १९ डिसेंबर.

मी वहिनीला विचारलं. म्हणाली, दोन दिवस जुलाब झाले, सकाळी उठलेच नाहीत. वय ब्याऐंशी होतं. गावात सगळे म्हणाले, पिकलं पान. तसंही असेल. सुरभीला विचारलं तर म्हणाली, आता कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. पण तू रेघ मारून तारीख लिहिलीस, म्हणजे तुला काय वाटतं ते मला कळलं. मला तेच वाटतं.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही, ती सांगून टाकते, नाहीतर परत लपवल्यासारखं होईल. सुरभीनं मला तेरा डिसेंबरला सांगितलं होतं. पाकीट मी सतराला दिलं. प्रेमदासची गाडी रोज माझ्या फाटकासमोर थांबते. चार दिवस मी ती जाताना पाहिली, कारण 'पुडी परत दे' हे वाक्य मला लिहवत नव्हतं. तू ते पाकीट फोटोमागं ठेवलंस, उघडलं नाहीस, त्याचं तुला काय होत असेल ते मी जाणते. पण तुझ्याआधी ते चार दिवस माझ्याकडेच पडून होतं.

आठ नावं उरली आहेत. दोन महिने होत आले, अजून धोका टळलेला नाही. मी सुरभीशी बोलले आहे, ती स्वतः येते म्हणाली, बीपीचं मशीन आणि गोळ्या घेऊन. कुणाला इथं आणावं लागेल, कुणाला तिथंच भागेल. पण अनोळखी डॉक्टरीण दारात उभी राहिली तर आनंदाबाई दार लावून घेतील. तुझ्यावर त्यांचा भरवसा आहे. पुडी तुझ्या हातून घेतली, ही गोळीही तुझ्याच हातून घेतील. काय झालं ते मात्र प्रत्येक घरी सांगावं लागेल, पुडीत काय होतं आणि बंद कुणी केली. दुकानाचं काय व्हायचं ते होईल. माझ्या पीएच.डी.चंही काय व्हायचं ते होईल.

उद्या रविवार आहे. हे पत्र आज दोनच्या गाडीनं येतं आहे, सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी येतो. शटर उघडं ठेव.

सगळ्यात आधी बापूजींच्या घरी जाऊ. तिथं द्यायला काही नाही. त्यांच्या बायकोला, मंदाबाईंना, फक्त सांगायचं आहे. मी सांगेन. तू नुसता जवळ उभा राहा.

ज्योत्स्ना